चाकीचा की बॅटरीचा

आई,

मी हल्ली खेळातल्या बंदुका दुरुस्त करतो. हे वाक्य तुझ्यासमोर बसून मला बोलता आलं नसतं, म्हणून आधीच लिहून टाकलं. खऱ्या बंदुका नव्हेत. ज्वारीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्या उडवणाऱ्या, पण दिसायला अगदी खऱ्या रायफलीसारख्या आणि हातात घेतल्यावर जडही तशाच. इथे हॉलंडमध्ये मोठी माणसं सुट्टीच्या दिवशी जंगलात जातात, डोळ्यांवर जाड चष्मे चढवतात, दोन बाजू पाडतात आणि दिवसभर एकमेकांवर नेम धरून लपाछपी खेळतात. त्याला एअरसॉफ्ट म्हणतात. सरकारी नियम कडक आहेत, संघटनेचं सदस्यत्व असल्याशिवाय ही बंदूक कुणाला बाळगता येत नाही. खेळात मात्र पंच नसतो. गोळी लागली की ज्याची त्याने हात वर करून ‘लागली’ म्हणायचं आणि बाहेर जाऊन उभं राहायचं. न लागल्यासारखं दाखवणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी बोलवत नाही. एवढा भाग तुला आवडला असता असं मला वाटतं. बाकीच्याबद्दल खात्री नाही.

तू जाऊन वीसेक वर्षं झाली. सून तू पाहिली नाहीस, नातही नाही. सून सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला इथली नोकरी लागली आणि तिच्या परमिटवर मी आलो. भोसरीतली माझी मेंटेनन्सची नोकरी मी सोडली तेव्हा मामा म्हणाला होता की बायकोच्या मागे जाणारा आपल्यात हा पहिलाच. पहिलं वर्ष मी डीमन गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाक शिकलो, लेकीला शाळेत सोडलं, खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वर्गात बसून डच शिकलो. एकदा बायको डबा विसरली म्हणून तो द्यायला स्लोटरडाइकला तिच्या ऑफिसात गेलो होतो. परत येताना रस्ता चुकलो आणि स्टेशनमागच्या वर्कशॉपांच्या गल्लीत शिरलो. एका दुकानाच्या काचेवर ‘मेकॅनिक हवा’ असं हाताने लिहिलेलं होतं. आत काय विकतात ते न बघताच मी दार ढकललं. आत गेल्यावर भिंतीभर रायफली टांगलेल्या दिसल्या आणि माझी पावलं तिथेच थांबली. मालक म्हातारा, मिश्किल डोळ्यांचा. त्याने एक उघडलेली बंदूक माझ्यासमोर सरकवली आणि हिच्यात काय बिघडलंय असं विचारलं. स्प्रिंग बसकी झाली होती. ते मला बघताक्षणी कळलं, आणि कुणामुळे कळलं तेही त्याच क्षणी कळलं.

बाबा गेल्यावर त्यांच्या जागेवर तू कारखान्यात लागलीस तेव्हा मी चौथीत होतो. संरक्षण खात्याचा कारखाना, त्यामुळे आत काय चालतं हे बाहेर बोलायचं नाही, हे तू पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतंस. भोंगा वाजला की तू निघायचीस, संध्याकाळी गेटवर पिशवीची आणि डब्याची झडती देऊन बाहेर यायचीस. तू रायफलीची मॅगझिन तपासतेस हे मला पुष्कळ उशिरा समजलं. मॅगझिन म्हणजे गोळ्या भरायची पेटी. तिच्यात खोट्या गोळ्या एकेक करून अंगठ्याने खाली दाबायच्या, आतली स्प्रिंग त्या नीट वर ढकलते का बघायचं, मग सगळ्या काढायच्या आणि पुढची पेटी घ्यायची. दिवसभर हेच. घरी आल्यावर तू ओट्याशी उभी राहून भाकरी थापायचीस ती तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने, अंगठा बाजूला उचलून. मला वाटायचं, भाकरी अशीच थापतात. इथे मी पहिल्यांदा भाकरी केली तेव्हा माझाही अंगठा आपोआप उचलला गेला. बायको हसली आणि हे कुठून शिकलास म्हणाली.

एका दिवाळीत शेजारच्या मुलाने मला त्याचं टिकल्यांचं पिस्तूल खेळायला दिलं होतं. तू कामावरून आलीस आणि मी दारामागून तुझ्यावर ते झाडलं. तू ओरडली नाहीस, मारलं नाहीस. चपला न काढता माझ्या हातातून पिस्तूल घेतलंस, शेजारी जाऊन परत दिलंस, आणि आल्यावर पाय धुता धुता म्हणालीस, ‘दिवसभर माझ्या हातात तेच असतं. घरात नको.’ बस, एवढंच. मी रागावून जेवलो नाही, आणि तूही समजूत काढायला आली नाहीस. पुढे डिप्लोमा पास झाल्यावर तू जुन्या बाजारातून मला छोटा लोखंडी शिकंजा आणून दिलास, टेबलाच्या कडेला बसवायचा. त्याचा जबडा घासून चकचकीत करून दिला होतास. त्या वयात कुणाची आई शिकंजा देते? मित्रांना घड्याळं मिळाली होती. तो शिकंजा मी विमानातून इथे आणला. वजन जास्त झालं म्हणून दोन जाकिटं काढून अंगात घातली.

कोरोना आला तेव्हा मी दुकानात रुळलो होतो. तू असतीस तर या रोगाबद्दल तुला कसं सांगितलं असतं कोण जाणे. सगळं जगच घरात बसलं. बायको जेवणाच्या टेबलावर कानाला हेडफोन लावून ऑफिस करायची, लेक बेडरूममध्ये टॅबलेटसमोर शाळा करायची. मी मराठीत हाक मारली की ती आतून डचमध्ये उत्तर द्यायची, ‘थांब, बाईंचं चाललंय.’ मी एकटाच सकाळी घराबाहेर पडायचो. रिकाम्या ट्रेनमध्ये मास्क लावून बसलेला मी आणि एखादी नर्स, इतकेच. खेळाची मैदानं बंद, दुकान बंद, पण पार्सलं आणि दुरुस्त्या चालू होत्या. मालक पुढे बसायचा, मी मागे. दोघांमध्ये पुरुषभर लांबीची दोन टेबलं. तो मला त्याच्या मेलेल्या कुत्र्याच्या गोष्टी सांगायचा आणि मी त्याला तुझ्या. मी पूर्वी कुणाला तुझ्याबद्दल इतकं सांगितलं नव्हतं.

दुसरा लॉकडाउन सैल झाला आणि वेळ ठरवून एकेका गिऱ्हाइकाला आत घ्यायची परवानगी मिळाली, तेव्हा एक बाप आणि त्याची पंचविशीतली मुलगी आली. बाप उंच, रुंद हाडाचा, पण कपडे अंगावर लोंबत होते. बागा लावून द्यायचा त्याचा धंदा होता. पहिल्या लाटेत त्याला कोरोना झाला आणि कित्येक आठवडे तो बेशुद्धीत, श्वासाच्या यंत्रावर होता. वाचला. पण उठला तेव्हा हातापायांतलं बळ गेलेलं होतं. पाय हळूहळू आले. उजवा हात बराच आला, डाव्याची बोटं मात्र अजून ऐकत नव्हती. हे सगळं मुलगीच सांगत होती. तो भिंतीवरच्या बंदुका बघत होता. मुलगी अठराची झाल्यापासून दोघं मिळून खेळायला जायचे, त्यांचा आठदहा जणांचा चमू होता, आणि मैदानं उघडली की पहिल्याच दिवशी त्याला जायचं होतं.

अडचण मॅगझिनची होती. या बंदुकांची नेहमीची मॅगझिन लहान असतात. गोळ्या संपल्या की रिकामं काढायचं, खिशातलं भरलेलं ओढायचं, खालून ठोकून बसवायचं, आणि हे सगळं डाव्या हाताने, कारण उजवा बंदुकीवर असतो. ते त्याला जमत नव्हतं. म्हणून मुलीने ड्रम शोधून ठेवले होते. ड्रम म्हणजे बंदुकीच्या पोटाखाली लटकणारी गोल डबी, मोदकाच्या डब्याएवढी. तिच्यात हजारो गोळ्या मावतात, दिवसभर बदलावी लागत नाही. पण गोळ्या नुसत्या ओतलेल्या असतात, त्यांना वर ढकलायला आतली स्प्रिंग सारखी गुंडाळावी लागते. ते करायचे दोन प्रकार. एका ड्रमला खाली दातेरी चाकी असते, ती मधूनमधून अंगठ्याने फिरवायची. हा हलका असतो आणि बिघडला तर मी पंधरा मिनिटांत नीट करून देतो. दुसऱ्यात बॅटरी आणि छोटी मोटर असते. वायरीला लावलेलं बटण दाबलं की चाकी आतल्या आत फिरते. हा जड, थंडीत बॅटरी दगा देते, आणि मोटरची घरघर झाडामागे लपलेल्याला ऐकू जाते. पण हाताला काही काम नाही.

मी दोन्ही काउंटरवर मांडले. त्याने बॅटरीच्या ड्रमकडे पाहिलंही नाही. चाकीचा उचलला, बंदुकीला मीच बसवून दिला, आणि त्याने डावा अंगठा चाकीवर ठेवला. चाकी हलली नाही. त्याने पुन्हा दाबलं, अंगठा घसरला. तिसऱ्यांदा त्याचा मास्क आतबाहेर होताना दिसत होता आणि चाकी एक दाताही पुढे गेली नव्हती. मालक उगाचच पार्सलांची चिकटपट्टी शोधायला लागला. मुलगी हळूच म्हणाली, ‘पपा, बॅटरीचा घेऊ या. तुला काही करावंच लागणार नाही.’

त्याने बंदूक काउंटरवर ठेवली. आवाज न करता, अगदी जपून ठेवली. मग म्हणाला, ‘काही करावं लागू नये म्हणून मी इथे आलेलो नाही.’

मुलीचे डोळे भरले. ती काचेकडे तोंड करून उभी राहिली. वर्षभर तिने त्याला भरवलं होतं, बुटांचे बंद बांधले होते, आणि आता हे ऐकायचं. मला दोघांचीही दया आली. मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, चाकीचा ड्रम माझ्याकडे ठेवून जा, मी आठवड्याने फोन करतो. बापाने मान हलवली. मुलगी निघताना बॅटरीच्या ड्रमच्या खोक्याकडे बघत होती.

त्या संध्याकाळी ट्रेनमध्ये मला तुझा तो एक दिवस आठवत राहिला. मी दहावीत असेन. तुझा अंगठा सुजून निळा झालाय आणि तुमचे चार्जमनसाहेब, म्हणजे सेक्शनचे वरचे साहेब, भले गृहस्थ, तुला मॅगझिनच्या बेंचवरून उठवून हलकं काम देतात, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं. ही बातमी तू घरी येऊन सांगत नाहीस. नेहमीसारखी भाजी चिरायला बसतेस आणि चिरता चिरता थांबतेस. मी विचारतो तेव्हा म्हणतेस, ‘मला आता बायका चहा आणून देतात. आजारी माणसासारखा.’ तुला रडताना मी बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तू रडत नव्हतीस. पण चेहरा असा होता की मी वही उघडून अभ्यासाला बसलो. महिनाभर चिठ्ठ्या चिकटवल्यावर तू साहेबांकडे जाऊन बेंच परत मागितलास. चामड्याचा तुकडा शिवून अंगठ्यावर टोपीसारखा चढवलास, आणि अंगठा दुखला की तळहाताने दाबायला शिकलीस. त्या दिवशी तू शिट्टी वाजवत घरी आलीस. बायकांनी शिट्टी वाजवू नये असं शेजारच्या काकू म्हणाल्या, तर तू त्यांच्या दारासमोर जाऊन आणखी एकदा वाजवलीस.

म्हणून मी ठरवूनच टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. चाकीच्या आसावर एक मोठी मूठ बसवायची, सोसायटीच्या पाण्याच्या व्हॉल्व्हला असते तशी रुंद, म्हणजे अंगठा लागणार नाही, तळहात ठेवून मनगटाने फिरवता येईल. एक मूठ लाकडाची केली, ती पिचली. दुसरी नायलॉनची केली. मी खुशीत होतो. घरी ओट्याशी उभा राहून बायकोला सगळं सांगत होतो. तिने ऑफिसची शेवटची मीटिंग नुकतीच संपवली होती आणि ती वाटाणे सोलत होती. तिने ऐकून घेतलं. तुझ्या शिट्टीच्या गोष्टीला हसलीसुद्धा. मग म्हणाली, ‘पण आईंचा अंगठा शेवटी गेलाच ना?’

खरंच होतं ते. शेवटच्या वर्षांत तुला ब्लाउजचे हूक लावता येत नव्हते. नळ सोडता येत नव्हता. मी पुण्याहून रविवारी यायचो तेव्हा तू केस मोकळेच ठेवून बसलेली असायचीस, कारण शेजारची कुणी येऊन वेणी घालेपर्यंत तुला थांबावं लागायचं. हलकं काम घेतलं असतंस तर कदाचित तसं झालं नसतं. हा विचार मी कधी पुरा केला नव्हता. शिट्टीपाशी थांबायचो.

बायको शांतपणे म्हणाली, ‘अरे, त्या माणसाला काय हवंय ते तू त्याला विचारलंस, की तुझ्या आईला विचारून ठरवलंस?’

तिचं बोलणं मला लागलं. पण राग नाही आला. ती तुला कधी भेटली नाही, तरी तुझी बाजू माझ्यापेक्षा नीट बघत होती. कारण मी तुझ्या जिद्दीचा अभिमान बाळगत आलो आणि तुझ्या दुखण्याला मात्र त्यातून बाजूला ठेवत आलो. तू असतीस तर तुम्हा दोघींचं चांगलं जमलं असतं, आणि माझी पंचाईत झाली असती.

दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला फोन केला. माझं डच फोनवर अडखळतं, समोरचा चेहरा दिसत नाही ना. मी सरळ विचारलं की तुम्हाला दिवसभर स्वतःच फिरवायचं आहे का. त्याच्या मागे पक्ष्यांचा आवाज येत होता, बहुतेक बागेत बसला असावा. मग म्हणाला की फिजिओबाई रोज रबरी चेंडू दाबायला देते आणि त्याचा त्याला वीट आलाय. चेंडू दाबून काही होत नाही, कुणी पळत नाही, कुणी हसत नाही. चाकी फिरवली तर निदान काहीतरी घडेल. किती वेळ जमेल ते त्याला माहीत नव्हतं. ‘थकलो तर थकलो म्हणेन,’ तो म्हणाला, ‘पण ते मला म्हणू दे. मुलीने आधीच ओळखलेलं असतं, म्हणून मला म्हणायची वेळच येत नाही.’ मी विचारलं, हे तुम्ही तिला सांगितलंय का? तो म्हणाला, तिच्यामुळे मी जिवंत आहे, तिला हे कसं सांगू?

मी मूठ पुरी केली. आतली स्प्रिंग बदलून थोडी मऊ बसवली, म्हणजे जोर कमी लागेल. गोळ्या थोड्या सावकाश येतील, पण येतील. ड्रम न्यायला मुलगी एकटीच आली. मी मूठ फिरवून दाखवली, तिनेही फिरवून पाहिली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि बॅटरीचाही ड्रम मागितला. मी बांधून दिला. काहीच न बोलता तिला जाऊ देणं बरं वाटेना. मी एवढंच म्हणालो की हा बॅगेत तळाशी ठेवा आणि त्यांनी मागितला तरच काढा. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. तिला राग आला असेल असं वाटलं. मग म्हणाली, ‘ते सगळ्यात कठीण असतं.’ मी म्हणालो, हो, माहीत आहे. खरं तर मला काय माहीत होतं? तुझी वेणी घालायला मी कधी शिकलो नव्हतो. रविवारी येऊन तुझ्यासमोर नुसता बसायचो आणि शेजारीण कधी येते याची तुझ्याबरोबर वाट बघायचो.

उन्हाळा लागला आणि मैदानं उघडली. मैदान म्हणजे ओक आणि पाइनच्या झाडांचं रान, मधूनमधून लाकडी फळ्यांच्या आडोशाच्या भिंती. मालकाने दुरुस्तीचं टेबल मांडायला मला बरोबर नेलं. तोवर मी हा खेळ कधी पाहिला नव्हता, खेळायची तर गोष्टच नको. शनिवार होता आणि लोक वर्षभराने भेटत होते. मिठी मारायची अजून चोरी होती, म्हणून कोपराला कोपर लावत होते आणि नको तितकं मोठ्याने बोलत होते. तो माणूस आला. जुना हिरवा गणवेश घातलेला, कंबरेला पट्टा आवळून चुण्या पडलेल्या. चमूतल्या लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारायचं टाळलं, पण त्याच्याभोवती गोल करून उभे राहिले.

मी टेबलापाशी बसून बघत होतो. पहिल्या डावात तो एका फळ्यांच्या भिंतीमागे गुडघ्यावर बसला आणि तळहाताने मूठ फिरवायला लागला. इतक्या लांबूनही मला त्याचा खांदा हलताना दिसत होता. त्याने गोळ्या झाडल्या, कुणीतरी झाडामागून हात वर करून ‘लागली’ म्हणून ओरडलं, आणि तो हसला. दुसऱ्या डावात मूठ बंदुकीच्या पट्ट्यात अडकली. ती तशी अडकेल हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, आलं नव्हतं. तो सोडवायला बसला. पट्टा सुटला, पण त्यात हाताचं उरलंसुरलं बळ गेलं. तो एका पडलेल्या ओंडक्यावर बसला आणि हात मांडीखाली दाबून धरला.

मुलगी पलीकडे होती. तिने पाहिलं. दोन पावलं पुढे आली आणि थांबली, आणि मग वळून झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून उभी राहिली. तिची पाठ मला दिसत होती. गोळ्यांचा आवाज चालू होता, लोक पळत होते, आणि ही दोघं एकमेकांकडे न बघता आपापल्या जागी. मी उठायला लागलो तर मालकाने माझ्या पायावर पाय ठेवला, म्हणजे बस.

बऱ्याच वेळाने त्या माणसाने मान वर केली आणि मुलीला हाक मारली. ‘थकलो. बॅटरीचा आण.’

ती धावतच बॅगेकडे गेली. ड्रम घेऊन आली, गुडघे टेकून बसवून दिला. त्याने काहीतरी विचारलं आणि ती एकदम हसली, मग डोळे पुसायला तिला तो जाड चष्मा काढावा लागला. डाव चालू असताना चष्मा काढू नये असा सक्त नियम आहे, म्हणून त्याने आपल्या उजव्या हाताचा पंजा तिच्या चेहऱ्यासमोर आडवा धरला. दुपारी ती टेबलापाशी पाणी प्यायला आली तेव्हा मी विचारलं, तेव्हा काय म्हणाले? म्हणाली, ‘कधी घेतलास, असं विचारलं. मी म्हटलं, लगेचच. तर म्हणाला, वाटलंच होतं.’ त्यानंतर तो संध्याकाळपर्यंत त्या घरघरणाऱ्या ड्रमने खेळला. त्या घरघरीमुळे सगळ्यांना तो कुठे आहे ते कळत होतं आणि त्यालाच सगळ्यात जास्त गोळ्या लागल्या. प्रत्येक वेळी तो हात वर करायचा, आणि त्याच्या आवाजातला आनंद रानाच्या या टोकाला ऐकू यायचा.

चाकीचा ड्रम अजून त्याच्याकडेच आहे. मूठ मी नंतर लहान करून दिली. तो सकाळी चाकीचा वापरतो आणि दुपारनंतर बॅटरीचा, असं मुलगी सांगत होती. दोन्हींपैकी बरोबर कुठला होता असं तू विचारलंस तर मला अजून सांगता येणार नाही. तुझ्या बाबतीतही नाही. चार्जमनसाहेबांनी तुला हलकं काम देताना तुला विचारलं असतं, आणि बेंच परत देतानाही अधूनमधून विचारत राहिले असते, तर काय झालं असतं, असं कधीकधी वाटतं. मीही रविवारी विचारू शकलो असतो. पण तेव्हा मी लहान होतो, पंचविशीचा झालो तरी तुझ्यासमोर लहानच होतो, आणि तू कुणी विचारलेलं खपवून घेणारी नव्हतीस.

आज हे लिहायचं कारण लेक. शाळेत आजीआजोबांवर बोलायचं आहे तिला, आणि ‘तुझी आई काय करायची?’ असं तिने मला डचमध्ये विचारलं. मी मराठीत सांगायला लागलो, भाकरीपासून सुरू केलं, तर ती वहीवर पेन टेकवून म्हणाली, पपा, आधी कामाचं सांग. मग तिला कामाचं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तुझ्यासारखंच. मी हो म्हणालो. ती गेल्यावर हे लिहायला बसलो. आता बायको जेवायला बोलावते आहे. हे मी कुणाला दाखवणार नाही, इथेच ठेवून देईन, कारण यात एक गोष्ट आहे जी घरी सांगितलेली नाही.

त्या शनिवारी शेवटच्या डावाला एका बाजूला एक माणूस कमी पडत होता. ड्रमवाल्या त्या बापानेच माझ्याकडे बोट दाखवलं. मी नको नको म्हणत होतो, पण कुणीतरी चष्मा दिला, पाहुण्याला एखादा डाव चालतो म्हणत कुणीतरी बंदूक दिली, आणि मी रानात शिरलो. आई, मी पळालो. चिखलात पडलो. झाडामागून नेम धरला आणि समोरच्या बाजूने खेळायला उतरलेल्या मालकालाच मारलं, आणि तो ‘लागली’ म्हणून ओरडला तेव्हा मी लहान मुलासारखा नाचलो. कोरोना आल्यापासून मी तसा हसलो नव्हतो. मैदानावर येईपर्यंत, गाडीत, टेबलापाशी, तू सारखी माझ्याबरोबर होतीस. पण तो डाव संपेपर्यंत मला तुझी एकदाही आठवण झाली नाही. आणि फार बरं वाटलं.